कुणी शिकवलं ते इचारा

बिराप्पाच्या घरात देवाच्या टाकांपेक्षाही वरच्या खुंटीला एक फोटो टांगलेला होता. फोटोत खुद्द बिराप्पा, डोक्याला पलटणीचा फेटा, छातीवर गाभण म्हशीच्या पोटाएवढा ढोल, दोन्ही हातांत टिपऱ्या आणि चेहरा असा, की आता वाजवला तर शत्रू पळत सुटेल. त्याची बायको हरणाबाई रोज सकाळी देवांना हळदकुंकू वाहून झालं की बोटाला उरलेलं कुंकू त्या ढोलाला लावायची. इतक्या वर्षांत तो ढोल आहे की कापलेलं कलिंगड, हे पाहुण्यांना सांगावं लागे.

त्या फोटोत एकच गोष्ट खोटी होती, ती म्हणजे सगळी. बिराप्पानं पंधरा वर्षांत पलटणीच्या ढोलाला एकदाच हात लावला, तो फोटोपुरता. बँडातल्या ढोलवाल्याला दोन महिने मटणाचा जादा वाटा वाढून त्यानं तो घटकाभर उसना घेतला होता. एरवी बिराप्पा लंगरात होता. पलटणीच्या स्वयंपाकघरात तीनशे माणसांच्या भाकऱ्या आणि रोट्या भाजत होता. त्यात लाजण्यासारखं तसूभरही काही नव्हतं. उपाशीपोटी कुणी लढाई जिंकली आहे का? पण म्हसवडच्या पलीकडच्या त्या माणदेशी वाडीत मेंढरामागं हिंडणाऱ्या धनगराच्या पोरानं बंदूक सोडून उलथनं धरलं, हे सांगायचं कसं? म्हणून त्यानं पहिल्याच पत्रात ठोकून दिलं की मला बँडात घेतलंय. एकदा थाप मारली की ती सांभाळावी लागते, तशी त्यानं पंधरा वर्षं सांभाळली.

पासष्ट साली तो पेन्शन घेऊन परत आला. लोक म्हणायचे, बिराप्पा, वाजवून दाव की. तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, सरकारी हात हाय, दोन वर्सं बाहेर वाजवायला बंदी हाय. लोकांना ते पटायचं. सरकारचं काहीही लोकांना पटतं.

दोन वर्षं संपली आणि संकट दारात येऊन बसलं.

वाडीतल्या बिरोबाच्या जत्रेत ढोलाचा पहिला ठोका बिराप्पाच्या घरचा. हा मान त्याच्या आज्याच्याही आधीपासूनचा. थोरला भाऊ कोंडीबा तो ढोल वाजवायचा, आणि वाजवायचा म्हणजे असा, की तिसऱ्या फेरीला आबा भगताच्या अंगात बिरोबा हजर. पण सदुसष्टच्या आषाढात कोंडीबाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि हात लुळा पडला. पहिला ठोका ज्या घराला जमणार नाही त्याचा मान पुढच्या घराला जातो, आणि गेलेला परत येत नाही. पुढचं घर गुंडाचं. गुंडाला तीन पोरं, तिन्ही ढोल वाजवणारी. कोंडीबा आजारी पडल्यापासून गुंडा रोज तब्येतीची चौकशी करायला यायचा आणि जाताना ढोलावरची धूळ पुसून जायचा.

वाडी मात्र निवांत होती. धाकटा पलटणीच्या बँडातला आहे म्हटल्यावर कसली काळजी? उलट यंदा ढोल कसा घुमतो बघा, असं हरणाबाई पाणवठ्यावर सांगत सुटली होती. कोंडीबानं लुळा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं ढोल धाकट्याकडं सरकवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बिराप्पाच्याही डोळ्यांत आलं, पण ते वेगळ्या कारणानं.

शिकवणी लावायची, एवढं त्यानं ठरवलं. पण लावायची कुणाकडं? वाडीत कुणाला विचारावं तर पंधरा वर्षांची अब्रू चव्हाट्यावर. म्हणून सासुरवाडीला जातो सांगून तो एसटीनं थेट आष्ट्याला गेला. तिथं लालासाहेब म्हणून एक लग्नाच्या बँडवाला होता. त्यानं बिराप्पाला चार दिवस ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी डोक्यावर गॅसबत्ती दिली, दुसऱ्या दिवशी दोन दिल्या, तिसऱ्या दिवशी झांजा हातात दिल्या आणि लगेच काढून घेतल्या. चौथ्या दिवशी लालासाहेब त्याला बाजूला घेऊन म्हणाला की तुमच्या हाताला ताल न्हाई, मात्र परवाच्या वरातीत आचारी पळाला तवा तुमी जी आमटी केली, तिला तोड न्हाई. बिराप्पा तोंड पाडून परत आला.

दुसऱ्या दिवशी सोपान टपाल घेऊन आला.

हा सोपान वाडीचा पोस्टमन. खाकी कोट, सायकल, आणि नाकावर चष्मा. त्याचा बाप जत्रेत हलगी वाजवायचा, आणि बाप गेल्यावर सोपानही कोंडीबाच्या ढोलासमोर उभा राहून वाजवायचा. ढोल कितीही घुमला तरी चाल धरून ठेवायची ती हलगीनं. त्या कामाचं मोल काय, तर भाकरतुकडा, तोही लांबून टाकलेला. छप्पन्न साली सोपानच्या घरानं बौद्ध धर्म घेतला. त्या दिवशी सोपाननं हलगीचं कातडं फाडलं, लाकडी कडं चुलीत घातलं आणि त्यावर आमटी शिजवून खाल्ली. वाडीनं बरीच बडबड केली. सोपान म्हणाला, आमटी चांगली झाली हुती. त्यानंतर त्यानं वाद्याला बोट लावलं नाही आणि जत्रेच्या मैदानात पाय ठेवला नाही.

सोपाननं पेन्शनचा लिफाफा पुढं केला आणि हळूच विचारलं, काल आष्ट्याच्या एसटीतनं उतरताना बघितलं तुला. बँडवाल्याकडं जमलं न्हाई व्हय?

बिराप्पाच्या तोंडाचं पाणी पळालं. सोपाननं लिफाफ्यावरच्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. "हितं काय लिवलंय ठावं हाय? कूक बिराप्पा. पलटणीतनं येणाऱ्या दर पाकिटावर हेच लिवल्यालं असायचं. सतरा वर्सं वाचतोय. आत तू लिवायचास, बँडात लय नाव झालं. हरणाबाईला वाचता येत न्हाई, तवा ते मोठ्यानं वाचून दावायचं काम माझंच."

म्हणजे वाडीभर पसरलेली ती थाप सोपानच्याच तोंडून पसरली होती, आणि सतरा वर्षं त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. बिराप्पाला भीती वाटायला हवी होती. पण त्याला एकदम हलकं वाटलं, कारण जगात एक तरी माणूस असा होता ज्याच्यापुढं पोट आत ओढून उभं राहायला नको. त्यानं सायकलचं हँडल धरलं आणि म्हणाला, गड्या, तूच शिकीव.

सोपान लगेच हो म्हणाला नाही. रविवारी घरी ये, मग सांगतो, म्हणाला.

रविवारी बिराप्पा गेला. सोपानच्या ओसरीवर सतरंजी घातली होती. सोपाननं एकेक अट सांगितली. शिकवणी दिवसाढवळ्या, याच ओसरीवर. ढोलाला, टिपरीला मी हात लावणार न्हाई, तोंडानं सांगीन तेवढं हातात उतरवायचं. आल्यावर चहा प्यायचा. पैसा घेणार न्हाई.

"आणि शेवटचं," सोपान म्हणाला. "कुणी शिकवलं असं कुणी इचारलं, तर चारचौघांत माझं नाव घ्यायचं. सोपानराव म्हनून."

"एवढंच?"

"एवढंच म्हंतोस. माझ्या बापानं चाळीस वर्सं तुमच्या ढोलापुढं हलगी वाजवली. त्याचं नाव काय हुतं, सांग बरं."

बिराप्पानं डोकं खाजवलं. लहानपणापासून त्यानं तो म्हातारा पाहिला होता. वाकलेली पाठ, हातातली काडी, जत्रेतली धूळ, सगळं डोळ्यांपुढं आलं, पण नाव येईना. सगळे त्याला हलगीवाला म्हणायचे. सोपाननं विषय सोडून दिला. नाव सांगितलं नाही.

तेवढ्यात सोपानची बायको येसूबाई चहा घेऊन आली. आता बघा, ह्याच बिराप्पानं पलटणीत जातीपातीचा विचार न करता तीनशे तोंडांत घास घातला होता, सगळ्यांच्या पातेल्यातलं खाल्लं होतं. पण वाडीच्या वेशीत पाय ठेवला की उतरवून ठेवलेली जात पुन्हा अंगाला येऊन चिकटते, घामासारखी. कपाकडं बघत तो बसला. रस्त्यानं कोण जातंय, हेही बघितलं. येसूबाई म्हणाली की निवायला लागला तर मी परत तापवनार न्हाई. बिराप्पानं डोळे मिटले आणि प्याला. चहा चांगला होता. साखर जरा जास्त होती, एवढंच.

खरं सांगायचं तर अट त्यानं कबूल केली ती लबाडीनं. मनातल्या मनात त्यानं हिशेब मांडला होता, की कुणी शिकवलं हे विचारणार कोण? वाडीला ठाऊकच आहे, पलटणीनं शिकवलं. ना विचारणार, ना सांगावं लागणार. सोपान शहाणा खरा, पण इथं फसला, म्हणून तो खुशीतच होता.

देवाचा ढोल तिथं न्यायची सोय नव्हती, म्हणून येसूबाईची पीठ मळायची काठवट उलटी घातली आणि शिकवणी सुरू झाली. सोपान तोंडानं बोल म्हणायचा, पायानं ठेका धरायचा, आणि बिराप्पा काठवटीवर धोपटायचा. पहिल्या रविवारी शेजारच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या. दुसऱ्या रविवारी सोपाननं कानात बोटं घातली. तो म्हणाला, तू ढोलाला मारतोयस, त्यानं तुझं काय वाकडं केलंय?

तिसऱ्या रविवारी काठवट तडकली. येसूबाई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली की शिकवणीचा पैसा ह्यांनी सोडला असंल, काठवटीचा मी सोडनार न्हाई. आज भाकऱ्या तुमी करायच्या. बिराप्पा मुकाट्यानं चुलीपुढं बसला. तडकल्या काठवटीत पीठ मळलं, गोळा घेतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात मोकळा झाला. तळवा पडत होता, बोटं फिरत होती, भाकरी गोल गोल पसरत होती. ती तव्यावर टम्म फुगली. येसूबाई बघतच राहिली. असली भाकरी माझ्या आयशीलाबी जमली न्हाई, म्हणाली. बिराप्पाचा ऊर भरून आला. पंधरा वर्षांच्या खोट्या ढोलाची वाहवा त्यानं पोटभर ऐकली होती, पण खऱ्या भाकरीला चांगलं म्हणणारं वाडीतलं हे पहिलंच माणूस.

सोपान मात्र दारात उभा राहून भाकरी बघत नव्हता, हात बघत होता. तो म्हणाला, "थांब. आता आस्साच हात पडू दे, आनि माझ्या तोंडाकडं ध्यान दे." त्यानं बोल सुरू केले. बिराप्पाचा हात चुकला नाही. कोंडीबाची पहिली फेरी पिठावर जशीच्या तशी उतरली.

तिथून पुढं गाडी रुळावर आली. सहा रविवारांत तिन्ही फेऱ्या बसल्या. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं, बँडवाला बिराप्पाच सोपानला काहीतरी शिकवतोय. एकदा भाकऱ्या करता करता बिराप्पानं येसूबाईला तिच्या सासऱ्याचं नाव विचारलं. ती तोंडाला पदर लावून म्हणाली, मी कसं घ्यायचं मामंजींचं नाव? ते राहूनच गेलं.

दसरा झाला आणि जत्रा आली. भर दुपारी मैदान माणसांनी फुललं. भंडाऱ्यानं हवा पिवळी झाली. कोंडीबाला खाटेवर बसवून आणलं होतं. हरणाबाई नवं लुगडं नेसून अगदी पुढं. गुंडा तिन्ही पोरांना फेटे बांधून तयार ठेवून उभा. बिराप्पानं ढोल गळ्यात अडकवला. त्यानं डोळ्यांपुढं काठवट आणली आणि पहिला ठोका टाकला.

ढोल घुमला. दुसऱ्या फेरीला म्हाताऱ्यांचे पाय आपोआप हलले. तिसऱ्या फेरीला आबा भगत ताडकन उठला, गरगरा फिरला, आणि बिरोबा अंगात आला. मग आबानं भाकणूक सांगितली, म्हणजे येत्या वर्षाचं भविष्य. पाऊस वेळेवर, ज्वारी गुडघ्याच्या वर, आणि गुंडाची मेंढरं दुप्पट. ढोल थांबला तसे लोक बिराप्पावर तुटून पडले. काय हात, काय हात. पलटणीचं शिक्षणच न्यारं. सरकारनं दोन वर्सं बंदी घातली ती काय उगीच? कोंडीबा खाटेवर लहान पोरासारखा रडत होता.

हिशेब अगदी बरोबर आला होता. कुणीसुद्धा विचारलं नव्हतं.

आणि बिराप्पाची नजर रस्त्याकडं गेली. मैदानाच्या बाहेर, बाभळीखाली, सायकल धरून सोपान उभा होता. तो मैदानात येणार नव्हता, पण ऐकायला आला होता. प्रत्येक ‘पलटण’ त्याच्यापर्यंत पोचत होती. थोड्या वेळानं त्यानं कोटाची बटणं लावली आणि सायकल वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता. ह्याच मैदानावर त्याच्या बापाला चाळीस वर्षं हेच मिळालं होतं, त्यात नवं काय?

जवळ उभ्या असलेल्या नानासोला बिराप्पा म्हणाला, इचार की मला. नानासो म्हणाला, काय इचारू? कुणी शिकवलं ते इचार. नानासो हसला आणि म्हणाला, ते काय इचारायचं, पलटणीनं. बिराप्पा दुसऱ्याकडं वळला, तिसऱ्याकडं वळला. जो तो पाठीवर थाप मारून पलटणीचं नाव घेई. आपलीच थाप इतकी पक्की बसली होती की ती फोडायलाही जागा सापडेना. सोपान सायकलवर टांग टाकत होता.

मग बिराप्पानं ढोलावर एक ठोका असा घातला की सगळं मैदान गप्प झालं. सोपानही थांबला.

"कुणी इचारत न्हाई तर मीच सांगतो," तो म्हणाला. "पलटणीत मी ढोल वाजवला न्हाई. लंगरात भाकऱ्या भाजल्या. ह्यो ढोल मला सोपानरावांनी शिकवला. त्यांच्या वसरीवर बसून, त्यांच्या घरचा चहा पिऊन."

सगळ्यांत आधी शुद्धीवर आला तो गुंडा. तो पुढं सरसावला आणि म्हणाला की म्हंजे देवाचा ढोल बाटला, मान आता आमच्याकडं द्या. पोरांनी फेटे सावरले. लोकांत कुजबुज सुरू झाली, आणि ती बिराप्पाच्या बाजूची नव्हती.

आबा भगत कडेला बसून तोंडावरचा घाम पुसत होता. देव नुकताच उतरला होता, त्यामुळं जरा चिडचिडा झाला होता. त्यानं गुंडाला जवळ बोलावलं. "कितव्या फेरीला आला रं बिरोबा माझ्या अंगात?"

"तिसऱ्या," गुंडा म्हणाला.

"ढोल बाटल्याला आसंल तर देव आलाच न्हाई म्हन की. मग मी काय सोंग करत हुतो? आनि तुझी मेंढरं दुप्पट हुनार म्हनलं, तीबी मग देवानं म्हनलं न्हाई. नीट इचार करून सांग."

गुंडानं विचार केला. आबाच्या अंगात चाळीस वर्षं येणाऱ्या देवाचा प्रश्न होता, त्यात स्वतःच्या मेंढरांचाही. त्याची नजर एकदा ढोलाकडं गेली, एकदा कळपाकडं. शेवटी तो म्हणाला की ढोल चांगला वाजला, वाईट कुठं म्हंतोय मी? आणि मागं सरकला. जवळच्या पोराचा फेटा सोडून त्यानं घाम पुसला.

मानाचं निभावलं, पण हरणाबाई उरली होती. ती हळूहळू पुढं आली. बिराप्पानं मान खाली घातली. पंधरा वर्षं कुंकू लावलेला ढोल त्याच्या डोळ्यांपुढून गेला.

"आवं, खरं सांगा," ती म्हणाली. "तुमाला भाकरी येती?"

"येती."

"चांगली येती?"

"तीनशे मानसांची येती."

"आनि दोन वर्सं मी धुरात डोळं फोडून घेतीया, आनि तुमी पाटावर बसून म्हनता, जरा करपली," हरणाबाई म्हणाली. तिचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला. "उद्यापासनं चूल तुमची."

मैदान असं हसलं की खाटेवरचा कोंडीबासुद्धा रडता रडता हसला. बिराप्पाही हसला असता, पण त्याला अजून काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. नाव घेतलं होतं, पण अर्धंच. तो गर्दीतून वाट काढत, ढोल गळ्यात तसाच ठेवून मैदानाच्या कडेपर्यंत गेला. पलीकडं रस्त्यावर सोपान उभा होता. मध्ये दहा पावलांचं अंतर. मागं सगळी जत्रा माना वळवून बघत होती.

"सोपानराव," बिराप्पा मोठ्यानं म्हणाला, "तुमच्या वडलांचं नाव काय हुतं?"

सोपाननं चष्मा काढला, कोटाच्या बाहीला पुसला, पुन्हा घातला.

"सटवाजी," तो म्हणाला.

बिराप्पानं मैदानाकडं तोंड करून ते नाव मोठ्यानं सांगितलं. कोंडीबानं खाटेवरून ते एकदा म्हणून बघितलं, सटवाजी. ज्याच्या हलगीपुढं तो उभा राहून ढोल शिकला होता, त्याचं नाव त्याला पन्नाशीत कळत होतं.

सोपाननं सायकलवर टांग टाकली. जाता जाता म्हणाला, "तिसऱ्या फेरीला हात लवकर उचलतोस. रविवारी ये. आनि येताना नवी काठवट आन, आमची पार दुभंगली."